काडतूस, मृगयेचे

काडतूस, मृगयेचे : हरिणकुलातील प्राण्यांच्या शिकारीसाठी रायफलमध्ये वापरले जाणारे काडतूस. गोळी, तिला गती देणारी दारू, दारू पेटविणारी टोपी आणि या तिन्हींना एकत्र धरणारे पितळी कवच असे त्याचे चार घटक असतात. हरिणकुलातील प्राण्यांच्या आकारमानात फार मोठी तफावत आढळते. यूरोपातील रो हरिण २० ते ३० किग्रॅ. वजनाचे असते, उत्तर अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीच्या हरिणाचा नर सामान्यतः ६० ते १३० किग्रॅ. भरतो, भारतातील सांबराचा मोठा नर ३०० किग्रॅ.च्या आसपास जातो, तर उत्तरेकडील थंड प्रदेशांतील मूस ५०० किग्रॅ.पेक्षाही जड होऊ शकतो. या सर्वांना पुरे पडेल असे एकच काडतूस असू शकते काय, हा प्रश्न शिकाऱ्यांच्या व शस्त्रनिर्मात्यांच्या जगात सु. दीडशे वर्षे चर्चिला जात आहे. तो केवळ सोयीचा वा खर्चाचा प्रश्न नाही. दुर्बळ गोळीने जखमी झालेले जनावर झाडीत नाहीसे होते आणि तासन्‌तास, कधीकधी अनेक दिवस वेदना भोगून मरते. उलट अतिप्रबळ काडतूस मांसाची नासाडी करते आणि त्याच्या धक्क्याला बिचकणाऱ्या शिकाऱ्याचा नेम चुकून परिणाम पुन्हा तोच होतो. त्यामुळे मृगयेच्या काडतुसाचा इतिहास हा शस्त्रविद्येचा इतिहास आहे, तसाच तो वन्य प्राण्यांविषयीच्या मानवी जबाबदारीच्या जाणिवेचाही इतिहास आहे.

पूर्वपीठिका : नळीच्या आतील पृष्ठावर पेचदार खाचा पाडून गोळीस स्वतःभोवती फिरविले, तर ती सरळ जाते, हे तत्त्व यूरोपात सोळाव्या शतकापासून व्यवहारात होते. मध्य यूरोपातील जर्मन भाषिक प्रदेशांत अशा खाचांच्या बंदुका शिकारीसाठी विशेष लोकप्रिय होत्या. तेथून उत्तर अमेरिकेत गेलेल्या कारागिरांनी अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियाच्या लँकेस्टर परिसरात लांब नळीची व तुलनेने बारीक छिद्राची रायफल घडविली. तीच पुढे ‘केंटकी रायफल’ या नावाने प्रसिद्ध झाली. तिच्यात स्वतंत्र काडतूस नसे. दारू मापाने ओतावयाची आणि तेलकट कापडाच्या चकतीत गुंडाळलेली शिशाची गोल गोळी गजाने वरून ठासावयाची, अशी तिची पद्धत होती. शिशाची व दारूची काटकसर हा वसाहतकाऱ्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा गुण होता. तथापि गोल गोळीचा वेग हवेच्या रोधामुळे झपाट्याने कमी होतो, म्हणून हरिणासाठी तिचा भरवशाचा पल्ला सु. १०० मी.च्या आतच राहत असे. शिवाय पहिला बार फुकट गेला, तर दुसरा भरेपर्यंत जनावर दृष्टीआड होई. साहजिकच जवळ जाणे, थांबणे आणि एकाच बारावर भिस्त ठेवणे ही त्या काळच्या शिकाऱ्याची शिस्त बनली.

एकोणिसाव्या शतकात तीन सुधारणा झाल्या. स्कॉटिश धर्मोपदेशक अलेक्झांडर जॉन फोर्साइथ यांनी १८०७ मध्ये आघाताने पेटणाऱ्या रसायनाचा उपयोग करण्याचे एकस्व घेतले आणि त्यातून पुढे तांब्याची टोपी आली. फ्रेंच अधिकारी क्लोद-एत्येन मिन्ये यांची लांबट गोळी १८४९ मध्ये पुढे आली. तिसरी आणि निर्णायक सुधारणा म्हणजे गोळी, दारू व टोपी एकत्र ठेवणारे धातूचे कवच होय. इंग्लंडमध्ये एडवर्ड बॉक्सर व अमेरिकेत हायरम बर्डन यांनी १८६६ च्या सुमारास मध्यभागी टोपी बसविण्याच्या ज्या दोन पद्धती रूढ केल्या, त्याच किरकोळ फेरफारांनिशी आजही प्रचलित आहेत. पितळी कवच बार उडताच फुगून नळीच्या मागील तोंडाशी घट्ट बसते व वायू मागे येऊ देत नाही. नंतर ते किंचित आकसते आणि सहज बाहेर काढता येते. या साध्या गुणधर्मामुळे मागून भरावयाची व अनेक बारांची रायफल शक्य झाली.

काळ्या दारूची काडतुसे : अमेरिकेतील विंचेस्टर कंपनीने १८७३ मध्ये तरफेने भरली जाणारी रायफल आणि तिच्यासाठी .४४-४० हे काडतूस बाजारात आणले. यातील पहिला आकडा छिद्राचा व्यास इंचात, तर दुसरा आकडा दारूचे वजन ग्रेनमध्ये दर्शवितो (एक ग्रेन म्हणजे सु. ०.०६५ ग्रॅ.). तिची सु. १३ ग्रॅ. वजनाची गोळी नळीतून बाहेर पडताना सेकंदाला सु. ३७० मी. वेगाने जाई. हेच काडतूस थोड्याच वर्षांत पिस्तुलांतही वापरता येऊ लागले. दूरच्या वस्तीत राहणाऱ्या माणसाला दोन शस्त्रांसाठी एकच काडतूस पुरणे, हा ‘बहुउपयोगी’ या कल्पनेचा पहिला व्यावहारिक अर्थ होता. परंतु गोळीची ऊर्जा ९०० जूलच्या आसपासच असल्याने मोठ्या हरिणासाठी ते जेमतेमच पुरे पडे. त्याच वर्षी अमेरिकन लष्कराने स्वीकारलेले .४५-७० हे काडतूस सु. २६ ग्रॅ.ची जड गोळी फेकत असे. तिची ऊर्जा .४४-४० च्या दुपटीहून अधिक होती. पण मार्ग इतका कमानदार होता, की अंतराचा अंदाज थोडा चुकला, तरी गोळी जनावराच्या पोटाखालून वा पाठीवरून निघून जाई.

काळ्या दारूची मर्यादा तिच्या स्वभावातच होती. जळल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग घन अवशेषांच्या रूपाने उरतो. त्यामुळे दाट धूर होतो, नळी घाण होते आणि दारूचे प्रमाण वाढवूनही गोळीचा वेग एका मर्यादेपलीकडे जात नाही. अधिक परिणाम हवा असल्यास गोळी अधिक जाड व जड करणे एवढाच मार्ग निर्मात्यांपुढे होता.

धूरहीन दारू आणि थर्टी-थर्टी : फ्रेंच रसायनज्ञ पोल व्ह्येय यांनी १८८४ मध्ये नायट्रोसेल्युलोजपासून धूरहीन दारू तयार केली. फ्रान्सने १८८६ मध्ये तिच्यावर आधारलेली लेबेल रायफल स्वीकारली आणि पुढील काही वर्षांत जगातील जवळजवळ सर्व सैन्यांना आपल्या रायफली बदलाव्या लागल्या. गोळीचा वेग एकदम दीडपट झाला. उघडे शिसे या वेगास टिकेना, ते खाचांतून खरवडून निघू लागले. म्हणून गोळीवर तांबे-निकेलच्या मिश्रधातूचे आवरण चढविण्यात आले. छिद्राचा व्यास ११ मिमी.वरून ८ मिमी.पर्यंत किंवा त्याहूनही खाली आला.

हे तंत्र अमेरिकन हरिणशिकाऱ्याच्या हाती १८९५ मध्ये पोहोचले. जॉन ब्राउनिंग यांनी रचलेल्या विंचेस्टरच्या १८९४ च्या तरफेच्या रायफलीसाठी .३०-३० हे काडतूस विकण्यात आले. ‘थर्टी-थर्टी’ या नावाने ते सर्वत्र ओळखले जाते. शिकारीसाठी खास रचलेले ते अमेरिकेतील पहिले बारीक छिद्राचे धूरहीन काडतूस मानले जाते. आजच्या स्वरूपात त्याची ११ ग्रॅ.ची गोळी सेकंदाला सु. ६७० मी. वेगाने निघते व तिची ऊर्जा सु. २,४५० जूल असते. रायफल हलकी व आटोपशीर, धक्का सौम्य आणि पल्ला दाट रानात पुरेसा. या गुणांमुळे अमेरिकेच्या पूर्वेकडील वनांत पांढऱ्या शेपटीच्या हरिणासाठी ती जवळजवळ प्रमाणभूत ठरली. न्यू हेवन येथील कारखान्यात तिचे उत्पादन २००६ मध्ये थांबले, तोवर या जातीच्या सत्तर लाखांहून अधिक रायफली तयार झाल्या होत्या.

तिचे वैगुण्य मात्र तिच्या रचनेतच होते. तरफेच्या रायफलीत काडतुसे नळीखालील लांब नळकांड्यात एकामागे एक राहतात. गोळी टोकदार असल्यास मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीवर टेकते आणि धक्क्याने बार उडण्याचा धोका संभवतो. म्हणून गोळी बोथट ठेवावी लागे व बोथट गोळीचा वेग लवकर मंदावतो. सुमारे ९० मी.वर नेम जुळविला, तर थर्टी-थर्टीची गोळी १८० मी.वर सु. २० सेंमी. खाली जाते. हरिणाच्या हृदय-फुप्फुसांचा भागही साधारण तेवढ्याच व्यासाचा असल्याने, त्यापुढील अंतरावर हे काडतूस वापरणे अयोग्य ठरते.

येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. हरिणासाठी योग्य काडतूस हाती आले, तेव्हा अमेरिकेत हरिणच संपत आले होते. बाजारासाठी होणारी बेसुमार कत्तल व जंगलतोड यांमुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पांढऱ्या शेपटीच्या हरिणांची संख्या तीन ते पाच लाखांवर घसरल्याचा अंदाज केला जातो. बेकायदा मारलेल्या प्राण्यांच्या आंतरराज्य व्यापारास आळा घालणारा लेसी कायदा १९०० मध्ये संमत झाला. त्यानंतर राज्याराज्यांतून शिकारीचे हंगाम, परवाने व संख्येची मर्यादा यांची घडी बसली. पिटमन–रॉबर्टसन कायद्याने (१९३७) शिकारी बंदुका व काडतुसे यांवरील ११ टक्के करांचे उत्पन्न वन्यजीवांच्या पुनर्वसनासाठी राखून ठेवले. आज तेथे या जातीची सु. तीन कोटी हरिणे असल्याचे मानले जाते. काडतुसाच्या प्रत्येक पेटीतून हरिणाच्या रक्षणासाठी काही वाटा जावा, ही व्यवस्था त्या देशाच्या वन्यजीवधोरणाचा एक आधार ठरली.

लष्करी काडतुसांचा मृगयेत प्रवेश : बहुउपयोगी मानली गेलेली बहुतेक काडतुसे मूळची लष्करी होती. त्याची कारणे उघड आहेत. सरकारी खर्चाने त्यांची कसून परीक्षा झालेली असे, उत्पादन प्रचंड असल्याने ती स्वस्त मिळत आणि दूरच्या गावातील दुकानातही सापडत. जर्मन शस्त्रनिर्माते पाउल माउझर यांच्या कंपनीने १८९२ च्या सुमारास तयार केलेले ७ × ५७ मिमी. हे त्यांतील एक श्रेष्ठ उदाहरण होय. येथे पहिला आकडा छिद्राचा व्यास व दुसरा कवचाची लांबी दर्शवितो. स्पेनच्या सैनिकांनी १८९८ मध्ये क्यूबात आणि बोअर सैनिकांनी दक्षिण आफ्रिकेत त्याचा प्रभाव दाखवून दिला. इंग्लंडमधील जॉन रिग्बी कंपनीने तेच काडतूस १९०७ मध्ये .२७५ या नावाने शिकारीसाठी विकावयास घेतले. स्वीडन व नॉर्वे यांचे ६.५ × ५५ मिमी. काडतूस (१८९४) ऊर्जेच्या हिशेबात मध्यमच होते. तथापि त्याची लांब, सडपातळ, सु. १० ग्रॅ.ची गोळी खोलवर शिरते, म्हणून स्कँडिनेव्हियात मूसच्या शिकारीसाठीही ते पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. गोळीचे वजन तिच्या आडव्या छेदाच्या मानाने जितके अधिक, तितकी ती खोल जाते, हा धडा या काडतुसाने घालून दिला.

या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध काडतूस म्हणजे .३०-०६ होय. अमेरिकन लष्कराने १९०३ मध्ये स्प्रिंगफील्ड रायफल स्वीकारली, त्याच सुमारास जर्मनीने टोकदार गोळी प्रचारात आणली. ही गोळी हवेतून अधिक सुलभतेने जाते, हे पाहून अमेरिकेने १९०६ मध्ये आपले काडतूस बदलले. नावातील ‘०६’ हे त्या वर्षाचे निदर्शक आहे. थीओडोर रूझवेल्ट यांनी १९०९ मध्ये आफ्रिकेच्या दौऱ्यात स्प्रिंगफील्ड रायफल नेली, तेव्हापासून शिकाऱ्यांचे लक्ष तिच्याकडे वेधले. पहिल्या महायुद्धात लक्षावधी तरुणांनी बोल्ट पद्धतीची रायफल हाताळली होती. ते घरी परतल्यावर याच धर्तीच्या शिकारी रायफलींना मागणी वाढली व रेमिंग्टन आणि विंचेस्टर या कंपन्यांनी १९२० नंतरच्या दशकात त्या तयार केल्या. कर्नल टाउनसेंड व्हेलन यांच्यासारख्या लेखकांनी या काडतुसाची सातत्याने शिफारस केली. त्याचे मुख्य बळ असे, की एकाच रायफलीतून सु. ७ ग्रॅ.पासून १४ ग्रॅ.पर्यंतच्या गोळ्या झाडता येतात; हलकी गोळी लहान हरिणास, मध्यम गोळी मोठ्या हरिणास व जड गोळी मूस किंवा अस्वल यांना चालते. सुमारे ११.७ ग्रॅ.ची गोळी सेकंदाला ८२० मी. वेगाने जाते व तिची ऊर्जा ३,९०० जूलहून अधिक भरते. नेम १८० मी.वर जुळविल्यास २७५ मी.वर ती सु. २० सेंमी. खाली जाते. थर्टी-थर्टीच्या तुलनेत वापराचा पल्ला यामुळे बराच वाढला.

हलकी गोळी की जड गोळी : यानंतरचा अर्धशतकाचा काळ एका दीर्घ वादाने व्यापला आहे. सॅव्हेज कंपनीने १९१५ मध्ये चार्ल्स न्यूटन यांनी रचलेले .२५०-३००० हे काडतूस आणले. त्यातील दुसरा आकडा सेकंदाला ३,००० फूट हा गोळीचा वेग सांगतो. वेग हीच विक्रीची खूण झाल्याचे ते चिन्ह होते. विंचेस्टरने .३०-०६ चे कवच किंचित अरुंद करून १९२५ मध्ये .२७० हे काडतूस काढले. त्याची ८.४ ग्रॅ.ची गोळी सेकंदाला ९३० मी.हून अधिक वेगाने, जवळजवळ सरळ रेषेत जाते. लेखक जॅक ओकॉनर (१९०२–७८) यांनी पश्चिम अमेरिकेतील उघड्या डोंगराळ मुलखातील अनुभवावरून या काडतुसाचा आयुष्यभर पुरस्कार केला. अंतराचा अंदाज चुकला तरी गोळी मर्मस्थानीच लागते, हा त्यांच्या पक्षाचा मुद्दा होता. एल्मर कीथ (१८९९–१९८४) यांनी विरुद्ध बाजू घेतली. दाट झाडीत, तिरपा नेम असताना व जनावर मोठे असताना जाड आणि जड गोळीच आरपार जाऊन रक्ताचा माग सोडते, असे त्यांचे प्रतिपादन होते. मागे वळून पाहता, दोघांचे रानच वेगळे होते. एकाचा अनुभव लांबच्या उघड्या उतारांवरचा, तर दुसऱ्याचा वायव्येकडील दाट वनांतील एल्कचा. आपापल्या परिस्थितीपुरते दोघांचेही म्हणणे खरे होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर सुधारित दारूमुळे लहान कवचातून तेवढेच काम होऊ लागले. विंचेस्टरचे .३०८ (१९५२) हे .३०-०६ पेक्षा सु. १२ मिमी. आखूड असूनही परिणामात फारसे मागे नाही; त्याचेच लष्करी रूप १९५४ मध्ये नाटोने स्वीकारले. त्याच कवचापासून १९५५ मध्ये .२४३ आणि १९८० मध्ये रेमिंग्टनचे ७ मिमी.-०८ ही सौम्य काडतुसे निघाली. रेमिंग्टनच्या ७ मिमी. मॅग्नमने (१९६२) उलट दिशेने, म्हणजे अधिक दारू व अधिक वेग यांच्या आधारे लोकप्रियता मिळविली. हॉर्नडी कंपनीचे ६.५ क्रीडमोर (२००७) मूळचे लक्ष्यवेधाच्या स्पर्धांसाठी होते. ते एका दशकात हरिणशिकारीतही रूढ झाले. लांब, सडपातळ व मध्यम वेगाची ६.५ मिमी.ची गोळी हे त्याचे मर्म पाहिले, तर १८९४ च्या स्वीडिश-नॉर्वेजियन काडतुसाचेच तत्त्व नव्या रूपात परतल्याचे दिसते.

गोळीची रचना : काडतुसाच्या निवडीत पुष्कळदा दुर्लक्षिला जाणारा, परंतु सर्वांत निर्णायक घटक म्हणजे गोळीची घडण. पूर्ण आवरणाची लष्करी गोळी शरीरातून बारीक छिद्र पाडून निघून जाते. वायव्य सरहद्दीवरील मोहिमांत हे अनुभवास आल्यावर कलकत्त्याजवळील डमडम येथील शस्त्रागारात १८९० नंतरच्या दशकात .३०३ गोळीच्या टोकावरील आवरण काढून शिसे उघडे ठेवण्यात आले. अशी गोळी लागताच पसरते व मोठी जखम करते. तिला ‘डमडम गोळी’ हे नाव मिळाले आणि हेग येथील १८९९ च्या घोषणेने अशा गोळ्या युद्धात निषिद्ध ठरविल्या. मृगयेत मात्र न्याय नेमका उलटा आहे. युद्धात शत्रूला निकामी करणे पुरते, त्याला अनावश्यक यातना देणे हा अपराध होय; शिकारीत प्राणी तत्काळ मरावा हेच भूतदयेस धरून आहे. म्हणून अनेक देशांत व अमेरिकेच्या अनेक राज्यांत हरिणासाठी पसरणारी गोळीच सक्तीची आहे. एकाच वस्तूविषयी दोन परस्परविरुद्ध नियम एकाच नैतिक तत्त्वातून निघावेत, याचे हे दुर्मिळ उदाहरण आहे.

पसरणारी गोळी अतिवेगामुळे वरच्यावर फुटून गेली, तर ती आत शिरत नाही. जॉन नॉस्लर यांना १९४६ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात मूसच्या शिकारीत हा अनुभव आला. त्यांनी गोळीच्या मध्यभागी धातूची आडवी भिंत ठेवून पुढचा भाग पसरेल व मागचा अखंड राहील, अशी रचना केली आणि १९४८ मध्ये ती विक्रीस आणली. बार्न्स कंपनीने १९८९ मध्ये शिसे पूर्णपणे वगळून केवळ तांब्याची पसरणारी गोळी तयार केली. या सुधारणांमुळे मध्यम शक्तीची काडतुसेही पूर्वी न पेलणारी कामे करू लागली व मोठ्या काडतुसांची गरज तितकी कमी झाली.

निवडीचे निकष : नावांतील आकड्यांवरून काडतुसाची योग्यता ठरविता येत नाही. त्यांत कधी दारूचे वजन, कधी वर्ष, कधी वेग, तर कधी कवचाची लांबी येते; .२७० च्या गोळीचा व्यासही प्रत्यक्षात .२७७ इंच असतो. केवळ ऊर्जेचा आकडाही फसवा आहे. गतिज ऊर्जा वस्तुमानाच्या प्रमाणात, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे हलक्या जलद गोळीचे पारडे कागदावर नेहमीच जड दिसते. जनावर मरते ते ऊर्जेच्या आकड्याने नव्हे, तर हृदय व फुप्फुसे छेदली जाऊन मेंदूचा रक्तपुरवठा तुटल्याने. म्हणून गोळी मर्मस्थानी पोहोचण्याइतकी खोल जावी, तेथे पुरेशी पसरावी आणि ती तेथे नेऊन ठेवणे शिकाऱ्याला साधावे, या तीन अटी मूलभूत होत.

तिसरी अट धक्क्याशी निगडित आहे. सारख्याच वजनाच्या रायफलीत .३०-०६ चा धक्का .२४३ च्या सु. दुप्पट असतो. जो धक्का सोसत नाही तो चाप ओढण्यापूर्वीच डोळे मिटतो, हा शिक्षकांचा जुना अनुभव आहे. पांढऱ्या शेपटीच्या हरिणाएवढ्या प्राण्यासाठी २०० मी.च्या आत वर उल्लेखिलेली बहुतेक काडतुसे पुरेशी आहेत आणि त्यांच्यातील फरक नेमबाजाच्या सरावातील फरकापेक्षा लहान आहे. एल्क व मूस यांचाही विचार करावयाचा असल्यास ७ × ५७, .२७०, .३०८ व .३०-०६ हा मधला गट निवडावा, या मतावर बहुसंख्य जाणकार स्थिरावले. काडतूस सर्वत्र मिळणे हा निकषही गौण नाही. तांत्रिक दृष्ट्या उत्तम असलेली कितीतरी काडतुसे केवळ दुकानात न मिळाल्याने नामशेष झाली.

कायदेशीर मर्यादा : हा विवेक शिकाऱ्यावर न सोपविता अनेक राष्ट्रांनी तो कायद्यात घातला. जर्मनीच्या शिकार-कायद्यानुसार रो हरिणासाठी १०० मी.वर गोळीची ऊर्जा किमान १,००० जूल असावी लागते. त्याहून मोठ्या खुरवाल्या प्राण्यांसाठी व्यास किमान ६.५ मिमी. व ऊर्जा २,००० जूल अशी अट आहे. इंग्लंड व वेल्समध्ये १९९१ च्या हरिण अधिनियमाने सर्वसाधारणपणे .२४० इंच व्यास आणि १,७०० फूट-पौंड (सु. २,३०० जूल) ही किमान मर्यादा ठेवली, भेकरासारख्या लहान जातींसाठी ती पुढे शिथिल झाली. अमेरिकेत प्रत्येक राज्याचे नियम निराळे आहेत. दाट वस्तीच्या सपाट प्रदेशात रायफलीची गोळी दूरवर जाण्याचे भय असल्याने काही मध्यपश्चिमी राज्यांनी हरिणासाठी रायफल दीर्घकाळ नाकारून छऱ्याच्या बंदुकीतील एकच जड गोळी मान्य केली. ओहायओ, आयोवा यांसारख्या राज्यांनी २०१० नंतरच्या दशकात सरळ कवचाच्या, कमी पल्ल्याच्या रायफल-काडतुसांना परवानगी दिली. तेव्हा जुने .४५-७० पुन्हा उपयोगात आले आणि विंचेस्टरने २०१९ मध्ये .३५० लेजंड हे खास या नियमांत बसणारे काडतूस काढले. काडतुसाचा आकार निसर्गाइतकाच कायदाही ठरवितो, हे यावरून दिसून येते.

भारतातील परिस्थिती : भारतात काडतुसाची निवड जनावरापेक्षा राज्यकर्त्यांच्या धोरणाने अधिक ठरली. लष्करी काडतुसे बंडखोरांच्या हाती पडू नयेत, म्हणून ब्रिटिश सरकारने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात .४५० व्यासाच्या रायफलींच्या आयातीस बंदी केली. त्यामुळे इंग्लिश कंपन्यांना.४७० सारखी नवी काडतुसे रचावी लागली. सैन्याचे .३०३ हेही खाजगी वापरास निषिद्ध राहिले. त्याच्या जागी .३१५ हे काडतूस रूढ झाले. ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या ८ × ५० मिमी. मानलिखर काडतुसावर आधारलेले असून .३०३ च्या रायफलीत बसत नाही, हाच त्याचा मुख्य गुण मानला गेला. स्वातंत्र्यानंतर ईशापूर येथील सरकारी कारखान्यात या व्यासाच्या रायफली तयार होत राहिल्या. चितळ, सांबर व रानडुक्कर यांच्यासाठी परवानाधारक भारतीय शिकाऱ्याची ती नेहमीची रायफल होती. जिम कॉर्बेट यांना चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे उपराज्यपाल जे. पी. ह्यूएट यांनी १९०७ मध्ये रिग्बीची .२७५ रायफल भेट दिली. हरिणासाठी मध्यम समजले जाणारे हे काडतूस त्यांनी पुढे नरभक्षकांविरुद्धही वापरले. गोळी कोठे लागते, हे ती केवढी आहे यापेक्षा महत्त्वाचे असते, या विधानाचा याहून बोलका दाखला क्वचितच मिळेल.

महाराष्ट्रात १९५१ च्या मुंबई वन्य प्राणी व वन्य पक्षी संरक्षण अधिनियमानुसार परवान्याने शिकार करता येत असे. केंद्रीय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये संमत झाला. त्यातील परवाना देण्याच्या तरतुदी १९९१ च्या दुरुस्तीने वगळण्यात आल्या. तेव्हापासून देशात हौशी मृगया बेकायदेशीर असून, मानवी जीवितास धोका वा पिकांची हानी यांसारख्या कारणांसाठी अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीनेच अपवाद होऊ शकतो. त्यामुळे भारतापुरता हा विषय इतिहासाचा झाला आहे.

शिशाचा प्रश्न : एकविसाव्या शतकात काडतुसाच्या निवडीत एक नवा निकष आला. शिशाची गोळी हरिणाच्या शरीरात फुटताना सूक्ष्म कण दूरवर विखुरते. शिकाऱ्याने टाकून दिलेली आतडी खाणाऱ्या गिधाडांना व गरुडांना त्यामुळे विषबाधा होते. कॅलिफोर्नियन काँडोर या महाकाय गिधाडाची संख्या १९८२ मध्ये २२ वर आली होती. बंदिवासातील प्रजननाने ती वाढली, परंतु मुक्त केलेल्या पक्ष्यांच्या मृत्यूचे प्रमुख कारण शिशाची विषबाधा हेच ठरले. कॅलिफोर्नियाने काँडोरच्या अधिवासात २००८ मध्ये व संपूर्ण राज्यात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांना बंदी केली. नॉर्थ डकोटा राज्यात गरिबांसाठी दान केलेल्या हरिणमांसात २००८ मध्ये शिशाचे कण आढळल्याने हा प्रश्न मानवी आरोग्याशीही जोडला गेला. डेन्मार्कने एप्रिल २०२४ पासून रायफलीसाठीही शिशाच्या गोळ्या निषिद्ध केल्या. तांबे शिशापेक्षा हलके असल्याने तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी अधिक लांब होते व तिला जलद फिरविणाऱ्या खाचा लागतात. परिणामी काही जुन्या रायफलींची उपयुक्तता कमी झाली, तर मध्यम व्यासाच्या नव्या रायफलींना पुन्हा महत्त्व आले.

समालोचन : सर्व प्रकारच्या हरिणांना व सर्व प्रकारच्या रानांना सारखेच योग्य असे काडतूस निर्माण झाले नाही. मात्र विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच या प्रश्नाचे व्यवहार्य उत्तर मिळाले होते आणि त्यानंतरच्या शतकाने त्यात भर घातली ती मुख्यतः गोळीच्या घडणीत. वेग, व्यास व ऊर्जा यांच्या स्पर्धेत नवनवी नावे आली व गेली. टिकून राहिली ती मध्यम शक्तीची, सहज मिळणारी आणि सामान्य माणसाच्या खांद्याला पेलणारी काडतुसे. ठासणीच्या बंदुकीच्या काळातील शिकाऱ्याला दुसरा बार नव्हता, म्हणून त्याला जवळ जावे लागे व चुकीचा बार टाळावा लागे. साधने सुधारली तरी ही गरज कमी झाली नाही. लांबवर गोळी पोहोचविण्याची शक्ती वाढली, तसतसा ती केव्हा झाडू नये याचा निर्णय अधिक कठीण झाला आणि कोणत्याही काडतुसाच्या कवचात हा निर्णय भरून देता येत नाही.